आठवीत जुन्या अनुदानित शाळेत प्रवेश (पुणे): एनएमएमएस, एनसीसी, चित्रकला, संस्कृत, यातलं काय धरावं?

शनिवारकर
मुलगा सध्या सातवीत आहे, सीबीएसईच्या विनाअनुदानित शाळेत. जूनपासून पेठेतल्या एका शंभरी ओलांडलेल्या अनुदानित शाळेत सेमी इंग्रजीच्या तुकडीत घालायचं ठरतंय. शाळेत एनसीसी आहे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे (एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट) वर्ग आहेत, एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास आहेत, संपूर्ण (१०० गुणांचं) संस्कृतही आहे. सगळं आठवीतच सुरू होतं असं दिसतंय. काय घ्यावं, काय सोडावं? कागदपत्रांत नेमकं कुठे अडतं? आणि पुढे दहावीचा पेपर सीबीएसईपेक्षा किती वेगळा असतो?

खडूफळा
आधी कागदांचं सांगतो, कारण जूनमध्ये निम्मी धावपळ त्याचीच होते.

नुसता दाखला आणून भागत नाही. जुन्या शाळेने यूडायस प्लसवर (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींचं सरकारी पोर्टल) मुलाचं नाव 'ड्रॉप बॉक्स'मध्ये टाकलं तरच नवी शाळा ते आपल्याकडे घेऊ शकते. दाखला हातात आणि पोर्टलवर मूल अजून जुन्याच शाळेत, असं फार वेळा होतं. तेव्हा दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी ऑफिसात बसून ते करून घ्या आणि पेन क्रमांक (पोर्टलवरचा मुलाचा कायम क्रमांक) लिहून आणा.

दुसरं, दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघा. सीबीएसईच्या दाखल्यावर बऱ्याचदा मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच असतं, आपल्याकडे जनरल रजिस्टरला वडिलांचं नाव मधे लागतं. शाळा आधारसाठी एवढी मागे का लागते याचंही कारण आहे. आधार जुळलेल्या पटावरच संचमान्यता होते आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. रजिस्टरला एकदा चुकीचं नाव चढलं की दुरुस्तीला शिक्षणाधिकारी कार्यालयाची मान्यता लागते. मूल शाळेत आहे तोवर हे जमतं, दाखला घेऊन बाहेर पडल्यावर फार अवघड जातं. दहावीचा बोर्डाचा फॉर्म या रजिस्टरवरूनच भरतात, म्हणून आठवीतच एकदा नोंद डोळ्यांखालून घाला.

आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा लागू आहे, त्यामुळे प्रवेशासाठी परीक्षा नाही आणि देणगीही नाही. कोणी मागितलीच तर 'पावती द्या' म्हणावं.

मधली सुट्टी
खडूफळा यांनी एक प्रश्न सोडला, तोच सगळ्यात महत्त्वाचा. तुकडी अनुदानित आहे का? शाळा अनुदानित असली तरी एखादी सेमीची तुकडी विनाअनुदानित असू शकते. इमारत तीच, गणवेश तोच, पण एनएमएमएसला विनाअनुदानितची मुलं चालत नाहीत. आठवीपर्यंतची मोफत पुस्तकंसुद्धा अनुदानितलाच. प्रवेश घेण्याआधी हे लेखी विचारा.

आता एनएमएमएस. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०). उत्पन्न जास्त असेल तर हा विषय इथेच संपला. पेपर दोन असतात. बौद्धिक क्षमता ९० प्रश्न, शालेय क्षमता ९० प्रश्न, प्रत्येकी ९० मिनिटं. शालेय क्षमतेत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. पात्रतेला दोन्ही मिळून ४० टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ३२), पण पात्र झाला म्हणजे निवड झाली असं नाही. राज्याचा कोटा ११,६८२ आहे, तोही जिल्हा आणि प्रवर्गांत वाटलेला, त्यामुळे यादी कुठे थांबेल ते स्पर्धेवर ठरतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

सीबीएसईची मुलं इथे गणितात किंवा बुद्धिमत्तेत मागे पडत नाहीत, समाजशास्त्रात पडतात. प्रश्न राज्याच्या सातवी-आठवीच्या पुस्तकांवर असतात. सातवीच्या इतिहासात शिवकाल आणि मराठी सत्तेचा विस्तार तपशिलात आहे, तो त्यांनी तेवढा वाचलेलाच नसतो. एप्रिल-मेच्या सुट्टीत बालभारतीचं सातवीचं इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल वाचून घ्या. परीक्षा साधारण डिसेंबरात असते, जूननंतर मागचं वाचायला वेळ उरत नाही.

शनिवारकर
उत्पन्नाच्या अटीत बसत नाही, म्हणजे एनएमएमएस गेलं. आठवीच्या शिष्यवृत्तीचं काय? आणि चित्रकलेच्या एलिमेंटरीला दहावीत गुण मिळतात ना?

खडूफळा
२०१७ पासून शिष्यवृत्ती पाचवी आणि आठवीला होती, ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झालाय. आठवीत येणाऱ्या मुलाने त्या भरवशावर वर्ष आखू नये.

रेघोट्या
एलिमेंटरीला गुण नाहीत, इंटरमिजिएटला आहेत. 'अ' श्रेणीला ७, 'ब'ला ५, 'क'ला ३. क्रम असा ठेवा की आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट उरकेल. दहावीत सप्टेंबर-ऑक्टोबरला ही परीक्षा देणं म्हणजे सहामाहीच्या तोंडावर रंगपेटी उघडणं.

श्रेणी जाते ती दोन ठिकाणी. एक, वस्तुचित्र. तांब्याचं तोंड काढताना लंबवर्तुळाची दोन्ही टोकं लिंबाच्या फोडीसारखी टोकदार होतात, आणि तळ सरळ रेघेने कापला जातो. मग भांडं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. तोंड डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर तळाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्त येतो, कमी नाही. एवढं एक डोळ्यात बसलं की चित्र जमिनीवर टेकतं. दुसरं ठिकाण अक्षरलेखन. मुलं पट्टीने मोजून दोन अक्षरांत सारखं अंतर ठेवतात. 'र' आणि 'ग' शेजारी आले की मधे भोक पडल्यासारखं दिसतं. अंतर डोळ्याने सारखं दिसायला हवं, पट्टीवर नव्हे. कर्तव्यभूमितीत मात्र उलट, तिथे पेन्सिलीचं टोक आणि कर्कटकाचा ढिला स्क्रूच घात करतात.

शाळेत चौकशी करताना 'वर्ग असतात का' असं विचारू नका. 'कलाशिक्षकाचं पद भरलेलं आहे का' असं विचारा. बऱ्याच जुन्या शाळांत चित्रकलेची सुंदर खोली आहे आणि तिला कुलूप आहे.

मधली सुट्टी
एनसीसीबद्दल. कनिष्ठ विभागाचं प्रशिक्षण दोन वर्षांचं, म्हणजे आठवी-नववी. शेवटी 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा, तिला परेडची ७५ टक्के हजेरी आणि एक शिबिर लागतं. शिबिर दहा दिवसांचं, आणि तारखा बटालियन ठरवते, शाळा नाही. त्यामुळे ते घटक चाचणीवर येऊ शकतं. जागा ठरलेल्या असतात आणि निवड शाळा सुरू होताच होते, जुलैत जाग आली तर उपयोग नाही. परेड आणि चित्रकलेचा जादा वर्ग एकाच वेळी येत नाहीत ना, ते वेळापत्रकात आधी बघा. तसे येत असतील तर दोन्ही धरणं व्यर्थ आहे, एकाची हजेरी बुडतेच.

भूमितीवाला
पेपरचं मी लिहितो. गणित भाग १ आणि २, प्रत्येकी ४० गुण, दोन तास, शिवाय दोन्हींचे मिळून अंतर्गत २०. चाळीसची विभागणी अशी: बहुपर्यायी ४, एक गुणाचे ४, मग कृती ४ आणि दोन गुणांची उदाहरणं ८, पुढे कृती ३ आणि तीन गुणांची ६, चार गुणांची ८, शेवटचा ३.

सीबीएसईतून आलेली मुलं 'कृती'वर अडखळतात. उदाहरण अर्धं सोडवून दिलेलं असतं आणि रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. मुलांना स्वतःच्या रीतीने उत्तर येतं, पण पेपरकर्त्याची रीत पकडता येत नाही. घरी सोडवलेलं उदाहरण घ्या, दोन-तीन पायऱ्यांतले शब्द खोडा आणि भरायला द्या, महिन्याभरात सवय होते. बहुपर्यायीला पहिलाच प्रयत्न तपासतात, खोडून पुन्हा लिहिलेलं धरत नाहीत. भूमितीत सिद्धतेला कारण न लिहिण्याची सवयही मोडा.

संस्कृतबद्दल माझं मत: संपूर्ण घ्यायचं तर घरी कोणी रोज अर्धा तास बसणारं हवं. संयुक्तात हिंदी ५० आणि संस्कृत ५०, प्रत्येकी लेखी ४०. रूपं निम्मी, पण तयारी दोन भाषांची.

रेघोट्या
इथे भूमितीवाल्यांशी पटत नाही. संपूर्णला हिंदी सुटते, एकच भाषा उरते, आणि व्याकरणाचे गुण गणितासारखे पैकीच्या पैकी मिळतात. सातवीपर्यंत संस्कृत झालेलं असेल तर संपूर्णच घ्या.

शनिवारकर
सहावी-सातवी संस्कृत झालंय, शब्दरूपं येतात. मग संपूर्ण संस्कृत आणि चित्रकला. एनसीसीचं परेडचा वार कळल्यावर ठरवतो. सोमवारी जाऊन तुकडीचं आणि कलाशिक्षकाचं विचारून येतो.

खडूफळा
जाताना आधारची प्रत आणि सातवीचं प्रगतिपुस्तक न्या. आणि शनिवारी जाऊ नका, सकाळची शाळा असते, ऑफिस लवकर बंद होतं.