फोटोग्राफरला आपल्या मनातलं आधी किती सांगावं?

आई-बाबांच्या लग्नाला पुढच्या महिन्यात ४० वर्षं होतील. फोटोग्राफर ठरवलाय, विसारही दिलाय. तो म्हणतो सोलापुरातच संभाजी तलावाच्या काठी काढू, नाहीतर किल्ल्याच्या बागेत. मला मात्र पूर्व भागातल्या जुन्या कारखान्यात फोटो हवेत. तिथं बाबांनी ३१ वर्षं चादरीचे माग चालवले. आई घरी चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. धोटा, म्हणजे मागातून आडवं सूत नेणारी ती होडी, बदलताना बाबांचा अंगठा एका तऱ्हेनं वळतो, आजही. तो फोटोत यावा एवढंच माझं मागणं आहे.

बहिणीच्या लग्नात आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. आठशे फोटो आले आणि आजी एकाच फोटोत, अंतरपाटाआड अर्धी. आजी आता नाही. म्हणून यावेळी आधी बोलायचंय. पण नमुन्याचे फोटो पाठवून "असे काढा" म्हटलं तर त्याला राग येईल का?

उत्तर (लग्नाचे फोटो काढतो, २२ वर्षं झाली)
राग कशाला येईल, ताई? सगळी मांडामांड झाल्यावर कुणी मोबाईल पुढं करून "असं पाहिजे" म्हणतं, तेव्हा अडचण होते. अंगठ्याचं जे इथं लिहिलंय, तेच जसंच्या तसं त्याला पाठवा. नमुने पाच-सहा बास. प्रत्येकाखाली काय आवडलं ते लिहा, उजेड की बसण्याची ढब. नाहीतर तो भलतंच उचलेल.

आणि त्याला आधी एकदा कारखान्यात न्याच. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटचा उजेड ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना कळत नाही, पण शटर जलद ठेवलं की फोटोत काळपट पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात, मात्र पळणारा धोटा पुसट येतो. तो पुसट चालेल का, हे तुम्ही ठरवून सांगायचं. मला विचाराल तर चालू द्या, माग चालू आहे हे त्यातूनच कळतं. सुताचं तूस उडत असतं, तिथं लेन्स बदलायची नाही. मागाच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही, हाताच्या खुणा आधीच ठरवा.

उत्तर
सगळं बाबांचंच झालं की. आईला विचारलंत का, तिला कुठं बसायचंय?

मूळ प्रश्नकर्ती
नव्हतं विचारलं. काल रात्री विचारलं. आई म्हणाली, "कारखान्यात मी कधी गेले गं? माझा चरखा माळ्यावर आहे, तो काढ." आज उतरवला. त्याच्या चात्याला, कांडी बसते त्या सळईला, निळ्या सुताचा तुकडा अजून गुंडाळलेला आहे.

फोटोग्राफरला दोन्ही गोष्टी लिहून पाठवल्या. त्याचा लगेच फोन आला. रविवारी सकाळी सातला आधी घरी येतोय, आईच्या खिडकीतला उजेड बघायला. म्हणाला, "ते सूत काढू नका, तसंच राहू द्या."