धंदा करायलो, पैसा मात्र दुसऱ्याकडं: आपापले अनुभव लिहा (मराठवाडा)

धागाकर्ता, लातूर

मंडळी, परवा गंजगोलाईत चहाला तिघं बसलो होतो, तिघांचे धंदे वेगळे आणि रडगाणं एकच, माल जातोय पण पैसा येत नाही. म्हणून हा धागा. लाईट, बँक, जीएसटी, उधारी काय असंल ते मोकळं लिहा, फक्त पार्टीचं नाव घेऊ नका, उगं भानगड नको.

आधी माझं. आमची लहान दाळमिल आहे. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेव्हाच भरून ठेवावी लागते, आणि आडतीवर पैसे आठ-दहा दिवसांत मोकळे करावे लागतात, नाहीतर पुढच्या सौद्याला आडत्या ओळखच दाखवत नाही. दाळ जाते हैदराबाद, चेन्नईला महिन्याच्या उधारीवर, महिना म्हणजे दोन धरून चाला. मधलं सगळं सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर, व्याज आपलं. त्यात जून 2023 ला तुरीवर स्टॉक लिमिट आलं, मिलवाल्याला तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वर्षाच्या क्षमतेच्या 25 टक्के, आणि सप्टेंबरात तेच एका महिन्यावर न् 10 टक्क्यांवर आणलं. साठा पोर्टलवर भरायचा. मोठ्यांकडं त्याला माणूस असतो, आमच्याकडं बारावीतली पोरगी, क्लासहून आली की तीच भरायची.

आणि 2016 चं सांगतो. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. तुरीला तेल-पाणी मारून वाळवावं लागतं, पाण्याशिवाय टरफल नीट सुटत नाही. प्यायला पाणी नाही आणि हा तुरीला मारतोय म्हणून लोक बघायचे, त्यांचंही खरंच होतं. मी टँकर रात्री अकरानंतर उतरवून घ्यायचो, चोरासारखा. पैशे माझेच, तरी.

वाळूजवाला

दादा, आमच्याकडं पाण्याचं नाही, तारखेचं गणित आहे. धातूचे पार्ट करायच्या कॉम्प्युटरवरच्या मशीनी, दोन सीएनसी, एक व्हीएमसी, आणि चार पोरं. कंपनीच्या व्हेंडरचा मी व्हेंडर. पीओवर, म्हणजे ऑर्डरच्या कागदावर, लिहिलंय 45 दिवस, येतात 90 ला, आणि जीएसटी बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचाच, पैसा आला का नाही कुणी विचारत नाही. म्हणजे जो पैसा मी बघितलाच नाही त्याचा टॅक्स खिशातनं. एकदा तर तीन महिन्यांनी पेमेंट आलं आणि सोबत डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी, 14 पीस रिजेक्ट. पीस परत पाठवा म्हणलं तर म्हणे स्क्रॅपला गेले. ज्या बिनमधून, म्हणजे माल न्यायच्या पेटीतून, गेले ती निळी बिन अजून माझ्या शॉपमध्ये रिकामी पडलीय, त्यांचीच आहे, ती मात्र दर महिन्याला फोन करून मागतात.

मग ते आयकराचं कलम 43बी(एच) आलं, सूक्ष्म-लघु वाल्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येतो. आम्ही खुश, आमची उद्यम नोंदणी म्हणजे सूक्ष्म-लघु असल्याची सरकारी नोंद होतीच. मार्च 2024 ला फोन आला, "उद्यम नोंदणी रद्द करता का, नाहीतर ऑर्डर दुसरीकडं द्यावी लागंल." केली नाही. एका लाईनचं काम गेलं.

येसरवाल्या ताई, धाराशिव जिल्हा

मी आणि गटातल्या पाच बायका येसर (आमटीला लावायचं मसाल्याचं पीठ), काळा मसाला, शेवया करतो. पीएमएफएमई, म्हणजे लहान अन्नप्रक्रिया धंद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून कर्ज केलं, 35 टक्के सबसिडी. बँकेत पहिला प्रश्न, "मिस्टर कुठंयत?" मिस्टर शेतात, मसाला मी करते, तरी दोन चकरा त्यांना घेऊन माराव्या लागल्या. सबसिडी हातात येत नाही बरं का, वेगळ्या खात्यात तीन वर्षं पडून राहते, हप्ते नीट गेले तर मग कर्जात वळती होते. मला वाटलं होतं आली की डंखाची (मसाला कुटायची) दुसरी मशीन घेऊ.

खरी गंमत लाईटीची. दळायच्या पल्वरायझरला थ्री फेज लागते. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की गावातली माणसं वर्गणी करून, ट्रॅक्टर लावून ती तालुक्याला नेतात, आठ-आठ दिवस जातात. गेल्या साली भाजून ठेवलेलं धणं-खोबरं तसंच पडलं आणि खोबऱ्याला खवट वास सुटला. अकरा किलो टाकून दिलं. उखळात कुटून बघितलं, हात भरून आले.

दुकानदार म्हणतो, "ताई, ठेवून जा, विकलं तर पैसे." दोन महिन्यांनी गेले तर पाकिटं तेल सुटून पिवळी पडलेली, लेबल त्याच्या पोरानं फाडलेलं, म्हणे परत न्या. विकलेल्याचे पैसे पण "पुढच्या खेपेला".

वेल्डिंगवाला, जालना

आमचं थोडक्यात. ट्रॉली, पेरणी यंत्र करतो. गिऱ्हाईक शेतकरी, म्हणजे सोयरेच. "सोयाबीन आलं की देतो." 2024 ला हमीभाव क्विंटलला 4892 होता, मोंढ्यात त्याच्या खाली गेलं. 2025 च्या सप्टेंबरात तर पाण्यानं सोयाबीनच गेलं, आता कुणाच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं. लोखंडवाल्याला मात्र मी रोख देतो.

हिशेबवाला

खाती लिहितो म्हणून थोडं सांगतो. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानं पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर 45 दिवसांत, आले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ, आणि त्यासाठी सरकारकडं ऑनलाइन अर्ज करता येतो. पण व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली तरी याचा फायदा नाही, फक्त बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना. बिलावर उद्यम नंबर छापा आणि मालाची पोच सहीनिशी घ्या, निम्म्या केसी तिथंच लंगड्या होतात.

वाळूजवाला

टाकली होती ना केस एकदा, दुसऱ्या पार्टीवर. पैसे आले, व्याज सोडून दिलं. त्यानंतर त्यांच्या गेटवर माझी गाडी गेली नाही. आता कळतंय शेजारचा गप का बसायचा.

धागाकर्ता, लातूर

ताई, ते दुकान सोडा. दोन किलो येसर लातूरला पाठवता का? पत्ता कळवतो, पैसे आधी टाकतो.