प्रतिसाद: ऑक्सिजनचा आकडा म्हणजे थेट तापमान नव्हे

वर कुणीतरी फोरॅमिनिफेराच्या (समुद्रातल्या सूक्ष्म, एकपेशीय जीवांच्या) कवचातल्या ऑक्सिजन-१८ ला, म्हणजे जड ऑक्सिजनला, 'समुद्राचा थर्मामीटर' म्हटलंय. अर्धंच खरं आहे ते. हिमयुगात हलका ऑक्सिजन-१६ बर्फाच्या थरांत अडकून पडतो, त्यामुळे पाणी गार न होताही कवचातलं ऑक्सिजन-१८ चं प्रमाण साधारण १ पर मिलने (हजारात एकाने) वाढतं. तेवढाच फरक ४ अंश थंडीनेही पडतो! म्हणून त्याच कवचांचं मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तरही मोजतात. पाणी गरम होईल तसं ते दर अंशाला सुमारे ९ टक्के वाढतं.

खरी गोची कवचांच्या सफाईत आहे. कवचं दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच दाबून फक्त कप्पे उघडायचे, पीठ करायचं नाही. मग पाणी आणि मिथेनॉलमध्ये अल्ट्रासोनिक धुणं, आणि सेंद्रिय अंश काढायला गरम, अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड. चिकणमाती राहिली तर तिच्यातल्या मॅग्नेशियममुळे समुद्र उगाच उबदार दिसतो. त्यामुळे ॲल्युमिनियमही मोजावं. तो मॅग्नेशियमसोबत वाढत असेल तर नमुना बाद. खोल पाण्यात उलटं होतं: मॅग्नेशियमयुक्त भाग आधी विरघळतो आणि तापमान कमी येतं. ही चूक मात्र कितीही धुतलं तरी जात नाही, गाळाचा गाभा (कवचं असलेल्या समुद्रतळाच्या गाळाचा उभा नमुना) कमी खोलीवरूनच घ्यावा लागतो.