अनुभव धागा: चरायला सोडलेलं जनावर आणि विषारी पाला

सिन्नर
मार्चमध्ये अवकाळीची एक सर येऊन गेली. ज्वारी काढलेली, रान मोकळं. आठवड्यात धसांना वीतभर हिरवे पोंगे फुटले. त्या दिवशी दूध घालायच्या गडबडीत वैरण टाकायची राहिली आणि गुरं उपाशीच सोडली. बाबा बांधावरून ओरडले, "किरळ लागंल रे, काढ बाहेर!" किरळ म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा. मी पळालो, पण तांबड्या कालवडीनं पोटभर ओरबाडलं होतं. पंधरा मिनिटांत धाप, तोंडाला फेस, पाय लटपटले. बसली ती उठलीच नाही. पापणी उलटून पाहिली तर आत लालभडक.

दुसरी गाय वाचली. डॉक्टरांनी शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट दिलं. ते म्हणाले, कोवळ्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीतून पोटात सायनाइड सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही, म्हणून रक्त इतकं लाल दिसतं. वाळलेल्या कडब्याचं तसं भय नाही. धोका कोवळ्या फुटव्यांचा. कालवड पहिल्या वेताला आली असती तर आज तिचं दूध घरात असतं. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. पाला कोणता, महिना कोणता, पहिलं लक्षण काय दिसलं.

निफाड
कांद्याला कुणी विषारी म्हणत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. भाव पडला तेव्हा चाळीतला सडका कांदा आम्ही बांधावर ओतला. गाय तीन दिवस त्यावर तुटून पडली, आम्हाला वाटलं खाते आहे तर खाऊ दे. दुधाला कांद्याचा वास आला तरी लक्षात आलं नाही. मग लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या, चार पावलं टाकली की दम लागायचा. कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नेमका उतारा नाही. कांदा बंद, सावली, चांगली वैरण. तीन आठवड्यांनी गाय सावरली. धनगराच्या मेंढ्या त्याच ढिगावर चरल्या आणि त्यांना काही झालं नाही. मेंढीला तो गायीपेक्षा बराच सोसतो. त्यामुळे "मेंढ्या खातात की" यावर विसंबू नका.

सुरगाणा
आमच्याकडे घाणेरी, कुणी टणटणी म्हणतात. पाऊस लांबला की डोंगरावर तीच हिरवी राहते, आणि भुकेलं जनावर तिला तोंड लावतं. आमच्या बांड्या बैलानं खाल्ली. आधी शेण बंद झालं, मग डोळे पिवळे. उन्हात उभा राहीना. नाकपुडीची आणि कानाची कातडी सोलून निघाली, तीही फक्त पांढऱ्या भागावरची. यकृत बिघडलं की हिरव्या चाऱ्यातला एक घटक रक्तात साचतो आणि ऊन लागलं की कातडी भाजते, असं डॉक्टरांनी सांगितलं. पंधरा दिवस अंधाऱ्या गोठ्यात बांधला, चारा-पाणी हातानं दिलं.

येवला
पाटाच्या कडेची बेशरम. एरवी शेळ्या शिवत नाहीत, पण कोरड्या सालात एकदा चटावल्या की तीच शोधत जातात. आमच्या दोन शेळ्यांची मान थरथरायची, मागचे पाय फाकायचे. एक गेली.

दिंडोरी
कुंपणाची कण्हेर छाटून फांद्या वाटेवर टाकल्या होत्या. पानं वाळली तरी विष जात नाही. वासरानं थोडीच खाल्ली, हृदय बंद पडून गेलं. छाटलेली कण्हेर पुरा.

चांदवड (गुरांचा डॉक्टर)
एक कळकळीचं सांगतो. जनावर झोकांड्या खात असताना नळकांड्यानं ताक, तेल, गूळपाणी ओतू नका. ते फुफ्फुसात जातं आणि विषातून वाचलेलं जनावर त्यानं मरतं. 1962 या जनावरांच्या मदतीच्या नंबरला फोन लावा, आणि जे खाल्लं त्याची फांदी डॉक्टरांना दाखवायला ठेवा. नाव माहीत नसलं तरी चालेल. फांदी दिसली की आमचा अर्धा तास वाचतो, आणि किरळीत तेवढाच वेळ हातात असतो.

सिन्नर
आता सकाळी आधी कडबा, मगच दावं सोडतो. फुटव्याच्या रानाला बाबांनी बोराटीची काटेरी झाप लावली आहे. सुरगाण्याचे दादा, बैलाचा कान भरला का?

सुरगाणा
भरला. कड तेवढी कुरतडल्यासारखी राहिली. पोळ्याला शिंगं रंगवू दिली, पण त्या कानाला अजून हात लावू देत नाही.