मदत हवी आहे: मेथिलीन ब्लू उतरतो, रंगाईचं पाणी मात्र लालच

गोदाकाठ:
नमस्कार. नाशिकला गच्चीवर, उन्हात टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरीने पाण्यातला रंग मोडायचा (फोटोकॅटॅलिसिस) प्रयोग चालू आहे. १०० मिली पाणी, ०.१ ग्रॅम पी-२५ (बाजारात मिळणारा बारीक पावडरीचा प्रकार) टायटॅनियम डायऑक्साइड, खाली मॅग्नेटिक स्टरर, धूळ पडू नये म्हणून बीकरवर पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट. मेथिलीन ब्लू हा चाचणीचा निळा रंग (लिटरला १० मिलिग्रॅम) दीड तासात जातो. मालेगावच्या सुती रंगाईचं सांडपाणी (रिॲक्टिव्ह, म्हणजे सुताशी रासायनिक बंध जोडणारा लाल रंग; पीएच १०.८) मात्र ११ ते ३ उन्हात ठेवूनही हलत नाही. पावडर दुप्पट करून पाहिली, फरक शून्य. काय चुकतंय?

कणाद:
आधी ती शीट काढा. पॉलिकार्बोनेट ३८० नॅनोमीटरखालचा प्रकाश जवळपास सगळा अडवतं, आणि ॲनाटेजला (तुमच्या पावडरीतलं मुख्य स्फटिकरूप; बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा, ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ३८८च्या आतलाच लागतो. उन्हात अतिनील मुळात चार-पाच टक्के, तेही वरच्या वर गेलं.

मग मेथिलीन ब्लू कसा गेला? तो स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, टायटॅनियाला (टायटॅनियम डायऑक्साइडला) इलेक्ट्रॉन देतो आणि त्यात मोडतो. थोडा पावडरीला नुसता चिकटतोही. म्हणून त्याच्या निकालावर विसंबू नका. तुलनेसाठी दोन बीकर जास्तीचे लावा: एक पावडरीसह फॉइलमध्ये गुंडाळून, दुसरा पावडरीविना उन्हात. उघड्या बीकरमधलं पाणी उडतं, तेव्हा रीडिंगआधी डिस्टिल्ड वॉटरने १०० मिलीची खूण गाठा.

ताणाबाणा:
शीट काढली तरी हे पाणी अडेल. टायटॅनियाचा पृष्ठभाग पीएच ६.५च्या आसपास निर्भार असतो, १०.८ला ऋणभारित. रिॲक्टिव्ह रंगावर सल्फोनेट हा गट, तोही ऋण. दोघं एकमेकांना ढकलतात. त्यात रंगाईत घातलेल्या सोडा ॲशचा कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकल (रंग मोडणारे अतिक्रियाशील कण) खाऊन टाकतो.

पाणी गाळा आणि दहापट पातळ करा. ५ सेंमी थरातून छापील अक्षर वाचता आलं पाहिजे. मग ढवळत ढवळत पातळ सल्फ्युरिक ॲसिड थेंबाथेंबाने घालून पीएच ४ करा. फेस येतो, भांडं अर्धंच भरा. कार्बन डायऑक्साइड निघून जायला पंधरा मिनिटं द्या. पावडर घालून अर्धा तास अंधारात ढवळा, त्यानंतरचं रीडिंग म्हणजे तुमचा शून्य मिनिट. उंच बीकर नको, २-३ सेंमी थराचा काचेचा पसरट ट्रे घ्या. पावडर लिटरला ०.५, १ आणि १.५ ग्रॅम अशी तपासा. फार झाली की दुधाळ पाण्यात प्रकाश वरच्या थरातच विखुरतो.

आणि या पीएचला टायटॅनियाऐवजी झिंक ऑक्साइड वापरू नका, ते विरघळून जस्त पाण्यात उतरतं.

गोदाकाठ:
पावडर वेगळी काढूनही ॲब्सॉर्बन्स (पाणी किती प्रकाश अडवतं त्याचं रीडिंग) उगाच जास्त दिसतो. ७०० नॅनोमीटरलाही ०.०८ येतो.

कणाद:
तिथे हा रंग शोषतच नाही, म्हणजे ते मागे राहिलेले कण. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढा. फिल्टर रंग धरतो का, ते माहीत असलेलं द्रावण गाळून आधी बघा.

ताणाबाणा:
रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं धरू नका. ॲझो बंध (रंगाच्या रेणूतला दोन नायट्रोजनमधला जोड) तुटला की ॲरोमॅटिक अमाइन ही घातक असू शकणारी संयुगं मागे राहू शकतात. सीओडी (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ जाळायला किती ऑक्सिजन लागेल ती चाचणी) करायलाच हवा.

गोदाकाठ:
रंगाईत मीठ भरपूर असतं. त्यातला क्लोराइड सीओडी बिघडवतो, तो बांधायला मर्क्युरिक सल्फेट किती घालू?

ताणाबाणा:
नमुन्यातल्या क्लोराइडच्या वजनाच्या दहापट. आधी सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजा, जास्त असेल तर नमुना पातळ करा. टायट्रेशननंतरचं द्रावण बेसिनमध्ये अजिबात ओतू नका. त्यात पारा आहे. वेगळ्या बाटलीत, लेबल लावून साठवा.