मदत हवी आहे: भाच्याला परदेशी फुटबॉल ट्रायल, एजंट खरा कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. भाचा वेंगुर्ल्याचा, वय 17, सेंटर बॅक (मधला बचावपटू). हेडरला कोणाला उभं राहू देत नाही (मामा म्हणून सांगत नाही हो!). गोव्यात भेटलेला एक एजंट क्रोएशियात ट्रायल देतो म्हणतोय, पण पैसे आधी. फिफाच्या नियमाने, थोडे अपवाद सोडले तर, 18 वर्षांखालच्या मुलाची परदेशी क्लबात नोंदणीच होत नाही ना? मग एवढी घाई कशाला? संदेश झिंगनसारखा मुरलेला भारतीय डिफेंडर 2021 मध्ये क्रोएशियातल्याच शिबेनिक क्लबात गेला, तोही दुखापतीमुळे सामना न खेळताच परतला. एजंटचा फिफा परवाना नेमका कसा तपासायचा? की आधी गोव्यातल्या क्लबातच पाय रोवू द्यावे? ताईला गणपतीआधी उत्तर हवंय.