मदत हवी आहे: गोधडीची चौकड्यांची पट्टी ठोकळ्याला आखूड पडतेय

सोनचाफा_इंदूर
लवकर सांगा कोणीतरी, डोकं फिरलंय. ठोकळे, म्हणजे गोधडीचे मोठे चौकोन, सगळे तयार आहेत. मधल्या पट्ट्या साध्या नकोत म्हणून बारीक चौकड्यांच्या करतेय, जांभळा-मोतिया आलटून पालटून, बुद्धिबळाच्या पटासारख्या. पट्टी ठोकळ्याला लावायला घेतली की अर्धा इंच आखूड! हिशेब पुन्हा करून पाहिला, बरोबरच आहे. भाचीचं लग्न तोंडावर आलंय. व्हिडिओच्या लिंका देऊ नका, सगळे बघून झालेत.

मशीनवाली_मावशी
अगं, ठोकळा केवढा? चौकडा केवढा? एका पट्टीत किती चौकडे? कापड कुठलं? काहीच लिहिलं नाहीस, सांगायचं तरी काय!

जुनं_लुगडं
गोधडीला मध्ये पट्ट्या हव्यात कशाला? आमच्याकडे लुगड्याचे थर अंथरायचे, वर ठिगळं मांडायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. मोजपट्टी घरात नव्हती, तरी गोधड्या वीस-वीस वर्षं टिकल्या.

सोनचाफा_इंदूर
@मावशी, ठोकळा नऊ इंची. चौकडा एक इंची. पट्टी तीन चौकडे रुंद, नऊ लांब. सोपं गणित आहे.
@जुनं_लुगडं, काका, तीही येते मला. ही वेगळी आहे.

पेन्शनर_शिंपी
नऊ इंची म्हणजे कापलेला की शिवल्यानंतरचा? आणि शिवण किती आत घेतेस?

सोनचाफा_इंदूर
कापलेला साडेनऊ, शिवून नऊ. चौकडे दीड इंच कापते. शिवण पाव इंच, म्हणजे मशीनच्या पायाची कड धरून.

पेन्शनर_शिंपी
सापडलं. पुष्कळ मशिनांवर साध्या पायाची कड सुईपासून पाव इंचापेक्षा बाहेर असते. शिवाय शिवण एका बाजूला दाबली की कापडाच्या घडीत एखादा दोरा जातो. तुझ्या पट्टीत लांबीला नऊ चौकडे, म्हणजे आठ शिवणी. प्रत्येक शिवणीत अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेलं की आठांचे चार सूत, म्हणजे बरोबर अर्धा इंच. ठोकळ्यात शिवणी कमी, म्हणून तिथे जाणवलं नसेल.
आता एक कर. दीड इंचाच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोड, इस्त्री कर आणि मोज. साडेतीन इंच भरायला हवं आणि मधली पट्टी नेमकी एक इंच. किती येतं ते इथे लिही.

काठपदर
एवढी उठाठेव कशाला? इंदूरला राहतेस आणि चौकडे शिवत बसतेस! जुन्या महेश्वरीचे काठ काप, तेच पट्टी म्हणून लाव. नक्षी आयतीच असते. मी दोन गोधड्या अशाच केल्या.

मशीनवाली_मावशी
@काठपदर, जरीचा काठ धुतल्यावर सुती ठोकळ्याबरोबर आटत नाही, झोळ येतो. इस्त्रीचं तापमानही वेगळं लागतं. नकली जर असली तर गरम इस्त्रीखाली आक्रसते.

काठपदर
माझ्या नाही आल्या झोळ.

मशीनवाली_मावशी
धुतल्यात का अजून?

भिया_राजवाडा
अरे भिया, ते सगळं ठीक, पण कापड कुठून घेतलं? एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये गाडी लावायला जागा मिळते का हल्ली? आणि सराफ्यात गराडू सुरू झाले का?

सोनचाफा_इंदूर
@पेन्शनर_शिंपी काका, जोडून पाहिलं. साडेतीनला एक सूत कमी आलं. दोन शिवणी, एक सूत. तुमचा हिशेब पटला.
मोतिया नवं सुती आहे. जांभळं आईच्या महेश्वरीच्या अंगाचं आहे, रेशीम-सुती.

मशीनवाली_मावशी
आता सांगतेस महेश्वरी! ते सरकतं आणि धागे सोडतं. कापायच्या आधी खळ घाल, कडक इस्त्री कर, मगच पट्ट्या काढ. उभ्या धाग्यावर काढ, उरेब, म्हणजे तिरकं, तर मुळीच नको. इस्त्री दाबायची, घासायची नाही. घासलीस की चौकडा तिरका झालाच.

हिशेबी_आत्या
एकेक चौकडा कापून जोडतेयस का? नको. लांब पट्ट्या आधी जोड: जांभळा-मोतिया-जांभळा असा एक संच, मोतिया-जांभळा-मोतिया असा दुसरा. मग दीड-दीड इंचाचे आडवे काप घे. ठोकळ्यांमधल्या एका पट्टीला पहिल्या संचाचे पाच काप, दुसऱ्याचे चार. शिवणी जांभळ्याकडे दाबल्यास की शेजारच्या कापांच्या शिवणी आपोआप उलट बाजूंना पडतात आणि कोपरे एकमेकांत बसतात.
गोधडी किती बाय किती ठोकळ्यांची? कडेलाही पट्टी आहे का?

सोनचाफा_इंदूर
पाच बाय सहा. कडेला नाही. आणि हो, एकेकच कापत होते.

हिशेबी_आत्या
मग पट्ट्या ४९ (उभ्या २४, आडव्या २५) आणि कोपऱ्यांचे चौकोन २०. कोपऱ्यात नऊ चौकड्यांचा तुकडा घाल, पण रंग उलटे: चारही टोकांना मोतिया. तुझ्या प्रत्येक पट्टीचं टोक जांभळ्याने सुरू होतं आणि जांभळ्यानेच संपतं, कारण नऊ विषम. म्हणजे पट कुठेच तुटणार नाही. सगळे मिळून पहिल्या संचाचे २६५ काप, दुसऱ्याचे २३६. चव्वेचाळीस इंची पन्ह्यात प्रत्येक रंग सव्वा मीटरमध्ये बसतो, आटणं धरून दीड घे.

चटकन
एवढं कोण करेल! ठोकळेच नऊवर छाटून टाक, पट्टी बरोबर बसेल.

पेन्शनर_शिंपी
ठोकळ्यात काय आहे ते विचारल्याशिवाय छाटायला सांगू नये. चांदणी असली तर?

सोनचाफा_इंदूर
चांदणीच आहे. टोकं कडेपर्यंत जातात.

पेन्शनर_शिंपी
बघा. छाटली की सगळी टोकं बोथट. ओढून बसवायलाही जाऊ नकोस, नऊ इंचात अर्धा इंच ताणला की ठोकळा फुगतो. झालेल्या पट्ट्यांत चार शिवणी उसव आणि प्रत्येक बाजूला अर्धा सूत कमी आत घेऊन पुन्हा घाल, चार सूत परत मिळतील. रुंदीतही एक सूत कमी असेल, पण थोड्याच पट्ट्या असतील तर त्या कडेच्या रांगांत ढकल, नजरेत येणार नाही. पुढच्यांसाठी सुईपासून पाव इंचाला एक दोरा कमी मोजून मशीनच्या पाटावर जाड चिकटपट्टी लाव आणि कापड तिला टेकवून चालव.

मशीनवाली_मावशी
रुंदीत सूत कमी असलेली पट्टी कोपऱ्याशी जुळणार नाही हो काका. त्यापेक्षा त्या उशीच्या अभ्र्याला वापर आणि नव्या कर.

पेन्शनर_शिंपी
महेश्वरी आईची आहे, मावशी. नवी कुठून आणणार?

सोनचाफा_इंदूर
चिकटपट्टी लावली. साडेतीन भरली! जुन्या पट्ट्यांचं उद्या दिवसाउजेडी मोजून ठरवते.

नवीन_सभासद_७
मला रजई करायची आहे, कापूस पिंजून घ्यावा की तयार पॉलिफिल?

हिशेबी_आत्या
वेगळा धागा काढा.